उतार आणि उतारा

मराठीत 'उतार' म्हणजे डोंगराची कलती बाजू आणि 'उतारा' म्हणजे मूळ कागदावरून काढलेली नक्कल. पुस्तकातला उतारा असतो, तसा तलाठ्याकडून मिळणारा सातबाऱ्याचाही असतो. विषावरच्या औषधालाही आपण उताराच म्हणतो. एरवी या शब्दांच्या नात्याकडे कोणी लक्ष देणार नाही. पण डोंगराळ मुलखातल्या दरडींचा इतिहास वाचू लागले की हे शब्द एकमेकांच्या फार जवळ येतात.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नोंदींचा जोड. सातमध्ये जमीन कोणाची, किती, तिचा आकार किती, तिच्यावर बोजा कोणता. बारामध्ये तिच्यात काय पिकते. लागवडीला न येणारा तुकडा 'पोटखराबा' म्हणून वेगळा दाखवतात. जमिनीबद्दल सरकारला जे जे जाणून घ्यावेसे वाटले, ते या कागदावर आहे. जमीन किती तिरकी आहे आणि डोंगरावरचे पाणी कोणत्या वाटेने खाली येते, याला मात्र त्यात रकाना नाही. महसुलाच्या दृष्टीने डोंगरही सपाटच असतो.

आपल्या भाषांनीही या विस्मरणाला हातभार लावला आहे. मराठीत दरड कोसळते. नेपाळीत 'पहिरो जान्छ', म्हणजे दरड 'जाते'. मल्याळममध्ये 'उरुळ्पोट्टल' होते. उरुळ म्हणजे गडगडत येणारा लोट, आणि तो फुटतो. हिंदीत पहाड खिसकतो, दरकतो. भाषांतर करताना हे सगळे शब्द शेजारी मांडले की एक गोष्ट लक्षात येते: क्रियापदे सगळी अकर्मक आहेत. कोसळणे, जाणे, फुटणे, खिसकणे ही सारी डोंगराने आपली आपण केलेली कृत्ये. व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने या वाक्यावर थांबू नये. त्याने विचारावे, की कोसळण्याआधी त्या उतारावर कोण काय करत होते, आणि खाली कोणाला राहायला लावले होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला नैनितालइतकी चांगली जागा भारतात दुसरी नसेल, कारण तिथला कागद जवळजवळ पहिल्या दिवसापासून उपलब्ध आहे.

गोरखा सत्तेचा पराभव झाल्यावर १८१५ मध्ये कुमाऊँ कंपनी सरकारकडे आले. १८२३ मध्ये जी. डब्ल्यू. ट्रेल या अधिकाऱ्याने गावांच्या हद्दी कागदावर आणल्या. ते विक्रम संवत १८८० होते, म्हणून कुमाऊँत या हद्दबंदीला आजही 'सन अस्सी' म्हणतात. डोंगराची धार, ओढा, देऊळ अशा खुणांवरून ठरलेल्या त्या हद्दी होत्या. नैनीचे तळे तेव्हा वस्तीचे ठिकाण नव्हते. काठावर नैनादेवीचे स्थान होते, वर्षातून एकदा जत्रा भरे, उन्हाळ्यात गुरे चरायला येत. ट्रेलने हे तळे पाहिले होते, पण त्याचे पावित्र्य जाणून त्याने त्याचा गवगवा केला नाही, असे सांगतात.

१८४१ मध्ये शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन तिथे पोचला. त्याने 'पिलग्रिम' या टोपणनावाने लेख लिहिले आणि १८४४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. तळ्याभोवतीच्या जमिनीवर नरसिंह नावाचा थोकदार हक्क सांगत होता. बॅरनने खालून एक नाव वर आणवली, थोकदाराला तीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेले, आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याचे लिहून दे, नाहीतर इथेच पाण्यात टाकतो, असे सांगितले. थोकदाराला पोहता येत नव्हते. त्याने वहीवर सही केली. हा प्रसंग बॅरनने स्वतःच्याच पुस्तकात गंमत म्हणून सांगितला आहे. ज्याच्यावर तो गुदरला त्याने तो कसा सांगितला असता, हे वाचायला मिळत नाही. नैनितालचा पहिला 'उतारा' असा पाण्यावर लिहिला गेला.

पुढचे सगळे झपाट्याने घडले. भूखंड वाटले गेले, बंगले उठले, १८४५ मध्ये नगर समिती स्थापन झाली. १८५७ नंतर गोऱ्या लोकांना मैदानी शहरांपेक्षा डोंगर सुरक्षित वाटू लागले, आणि पुढे वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात इथून चालू लागले. तळ्याच्या नैऋत्येला अयारपाटा, ईशान्येला शेर-का-डांडा. अयारपाट्याचा खडक मुख्यतः चुनखडीचा आणि त्या मानाने घट्ट. शेर-का-डांडा मात्र पाटीच्या दगडाचा, ठिसूळ, थरांथरांनी सुटणारा. पण त्या बाजूला ऊन येते आणि तळे छान दिसते. घर बांधायला सपाट जागा लागते, आणि डोंगरात सपाट जागा मिळत नाही, ती करावी लागते. उताराला कोयता मारल्यासारखी खाच घ्यायची, निघालेली माती-दगड खाली लोटायचे, त्या भरावावर अंगण करायचे. दर खाचेमागे वरच्या उताराचा पाया थोडा सुटतो आणि दर भरावामागे खालच्या उतारावरचे ओझे थोडे वाढते. जोडीला सरपणासाठी आणि बांधकामासाठी बांजाची झाडे तोडली गेली. पूर्वी पालापाचोळ्यातून आणि मुळांमधून सावकाश झिरपणारे पाणी आता उघड्या फटींतून थेट आत शिरू लागले.

डोंगराने इशारा दिला नाही असेही नाही. १८६६ मध्ये शेर-का-डांड्याच्या आल्मा टेकडीवर दरड कोसळली, आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा. दोन्ही वेळा डागडुजी झाली आणि बांधकाम चालू राहिले.

सप्टेंबर १८८० मध्ये, १६ तारखेच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि तो थांबेना. १८ तारखेला, शनिवारी सकाळी, व्हिक्टोरिया हॉटेलच्या आवारात एक छोटी दरड आली. तीत काही माणसे गाडली गेली. त्यांना काढायला सैनिक, अधिकारी आणि मजूर धावले. दुपारी दीडच्या आसपास, हे खोदकाम चालू असतानाच, वरचा अख्खा उतार सुटला. काही क्षणांत तो हॉटेल, खालची दुकाने, नैनादेवीचे देऊळ आणि तळ्याकाठची सार्वजनिक सभागृहाची इमारत घेऊन पाण्यापर्यंत गेला. त्या दिवशी भूकंपाचा हलका धक्का जाणवल्याचेही काहींनी नोंदवले आहे. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा १५१. मरणाऱ्यांत मोठा वाटा सकाळच्या दरडीतल्या माणसांना वाचवायला आलेल्यांचा होता.

या १५१ पैकी ४३ जण युरोपीय आणि युरेशियन होते. उरलेले १०८ हिंदुस्थानी. इंग्रजी वृत्तांतांत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसकट येतात, सेंट जॉन चर्चमध्ये स्मृतिफलक आहे. हिंदुस्थानी मात्र बहुतेक ठिकाणी एका आकड्यात आवरलेले दिसतात. हॉटेलातले नोकर, फावडी घेऊन आलेले मजूर, देवळापाशी असलेली माणसे. कोण कोणत्या गावचा, त्याच्या मागे कोण राहिले, हे त्या कागदांना विचारून कळत नाही. जिम कॉर्बेटचे कुटुंब तेव्हा नैनितालमध्येच होते. तो पाच वर्षांचा होता. पुढे त्याच्या आईने घर केले ते समोरच्या अयारपाट्यावर. ज्यांना बाजू बदलणे परवडत होते, त्यांनी ती बदलली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, कारण नैनितालला गेलेला पर्यटक ज्या 'फ्लॅट्स' नावाच्या मैदानावर आइस्क्रीम खातो, ते मैदान या दरडीच्या मातीने वाढले आहे. कमी ठाऊक असते ते त्यानंतरचे. सरकारने समित्या नेमल्या, भूशास्त्रज्ञ पाठवले. सी. एस. मिडलमिस याने १८९० मध्ये या भागाच्या भूरचनेवर लिहिले, टी. एच. हॉलंड याने १८९७ मध्ये उतारांच्या स्थैर्याचा अहवाल दिला. निष्कर्ष साधा होता: डोंगर बांधून ठेवता येणार नाही, पण पाण्याला वाट देता येईल. मग शेर-का-डांडा आणि आजूबाजूच्या उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे घातले गेले. मोठ्या नाल्यांना फाटे, फाट्यांना उपफाटे, मधूनमधून गाळ अडवायला खड्डे. पावसाचे पाणी जमिनीत मुरायच्या आत उचलायचे आणि तळ्यात नेऊन सोडायचे. नाल्यांना क्रमांक दिले गेले, गाळ उपसण्याची व्यवस्था लावली गेली, धोक्याच्या पट्ट्यांत बांधकामावर बंधने आली. डोंगराच्या बाजूंवर लक्ष ठेवायला कायमची समिती बसली.

विषावर उतारा सापडला होता. तो पूर्ण नव्हता. १७ ऑगस्ट १८९८ रोजी तळ्याचे पाणी जिथून बाहेर पडते त्या बलियानाल्याच्या बाजूला कैलाखानचा उतार कोसळला आणि दारूच्या भट्टीसह २८ माणसे गेली. त्यांतले २७ हिंदुस्थानी. पण शेर-का-डांड्यावर १८८० ची पुनरावृत्ती झाली नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या नाल्यांना जाते. वसाहतवादी सरकारने हे जनतेच्या कळवळ्याने केले असे मानायचे कारण नाही. त्यांची स्वतःची माणसे मेली होती आणि ती राजधानी त्यांची होती. तरीही त्यांनी एक गोष्ट मान्य केली, जी पुढे आपणही सहजासहजी मान्य करत नाही: पाऊस आभाळातून पडतो, पण दरड कुठे आणि कोणावर पडेल हे बऱ्याच प्रमाणात जमिनीवर ठरते.

स्वातंत्र्यानंतर नाले तेच राहिले, त्यांच्यावरचे शहर बदलले. हॉटेले वाढली, नाल्यांवर खोल्या आल्या, गाळाच्या खड्ड्यांत कचरा आला. इतिहासकार अजय रावत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये न्यायालयाने बहुमजली बांधकामांवर निर्बंध घातले. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला. बलियानाला आजही खचतो आहे, आणि त्याच्या काठची घरे रिकामी करावी लागत आहेत. नाला ही मजेशीर वास्तू आहे. तो आपले काम करत असेल तर दिसत नाही, म्हणून विसरला जातो. आणि विसरला गेला की दिसू लागतो.

नैनितालमध्ये निदान एक सोय होती: धोका सत्ताधाऱ्यांच्या उंबऱ्याशी होता. जिथे तो मजुरांच्या उंबऱ्याशी होता, तिथे कागद वेगळ्या तऱ्हेने लिहिला गेला. त्यासाठी दक्षिणेला, मुन्नारला जायला हवे.

१८७७ मध्ये जॉन डॅनिएल मन्रो याने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन टेकड्यांची सवलत मिळवली. २२७ चौरस मैल, वार्षिक खंड ३,००० रुपये. त्या क्षेत्रात शोला जंगले होती, गवताळ माथे होते, मुदुवान आदिवासींच्या वाटा आणि शेते होती. कागदावर मात्र तो एक आकडा होता. सिंकोना, कॉफी असे प्रयोग करत करत शेवटी चहा आला आणि टिकला. चहाचे झुडूप माती बऱ्यापैकी धरून ठेवते, हे खरे. पण चहाबरोबर रस्ता येतो, कारखाना येतो, आणि मुख्य म्हणजे माणसे येतात. इथे ती तमिळ प्रदेशातून आणली गेली आणि 'लयम' नावाच्या चाळींत ठेवली गेली. डोंगरात चाळ बांधायला सोयीची जागा कोणती? पाण्याजवळची, जरा सपाट, म्हणजे बहुधा ओढ्याकाठची. अशी जागा सपाट असते, कारण पूर्वी कधी तरी ओढ्यानेच वरचे दगडगोटे आणून ती भरलेली असते.

जुलै १९२४ मध्ये केरळात महापूर आला. मल्याळम कालगणनेत ते वर्ष १०९९ होते, म्हणून तिथे तो 'नव्याण्णवचा पूर' म्हणून लक्षात आहे. मुन्नारचे डोंगर जागोजागी उतरले. चहा वाहून नेणारी कुंडला खोऱ्यातली छोटी रेल्वे धुऊन गेली आणि पुन्हा कधी बांधली गेली नाही. आलुव्याहून येणारा जुना रस्ताही कोसळला. चहा मात्र राहिला, आणि चाळीही.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाजवळ पेट्टिमुडी इथे डोंगरावरून लोट आला आणि चाळींच्या चार ओळी घेऊन गेला. ७० माणसे गेली. तमिळ बोलणारी, चहामळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली. पावसात वीज आणि फोन बंद होते, त्यामुळे बाहेर बातमी पोचायला सकाळ झाली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तो लोट चहाच्या मळ्यात सुरू झाला नाही, वरच्या रानात सुरू झाला. झाडे तोडली म्हणून दरड आली, असे सरळ समीकरण पेट्टिमुडीला लागू पडत नाही. पण जमिनीचा वापर म्हणजे केवळ उतारावर काय लावले एवढेच नव्हे. उताराच्या पायथ्याशी कोणाला ठेवले, हाही जमिनीचाच वापर आहे. ज्यांच्या नावावर तिथली एक गुंठाही जमीन नव्हती, ज्यांचे घर नोकरीला बांधलेले होते आणि नोकरी सुटली की सुटणारे होते, त्यांना जागा निवडण्याचा अधिकार कधीच नव्हता. केरळच्या जमीनसुधारणा कायद्यातून मळ्यांना कमाल धारणेची सूट मिळाली. मळ्यातल्या मजुराच्या वाट्याला त्या सुधारणेतून जमीन आली नाही.

३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे अशीच गेली. तिथेही लोट वरच्या जंगलातून निघाला, नदीने आपले पात्र बदलले, आणि काठची घरे, मळ्याच्या चाळी, शाळा सापडली. मुंडक्कैने १९८४ मध्ये दरड पाहिली होती. जवळच्या पुत्तुमलाने २०१९ मध्ये.

तारीख मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ च्या पहाटे, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले. रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्यामुळे जगाला बातमी कळली. मृतांचा आकडा १५१ नोंदला गेला, नैनितालचाच आकडा. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण या वेळी गेलेली माणसे मुख्यतः महादेव कोळी होती आणि गाव त्यांचेच होते.

या मुलखात 'पडकई' नावाची जुनी रीत आहे. घराघरातली माणसे एकत्र येऊन एकमेकांच्या उतारावर दगडी बांध रचून भातखाचरे करतात. आज तुझे, उद्या माझे. हाताने, सावकाश, पाणी कुठून वाहते ते बघत. सरकारी योजनेत हेच काम आले तेव्हा त्यात यंत्रे शिरली. माळीणनंतर वाद पेटला तो यावरच: यंत्राने केलेल्या सपाटीकरणामुळे डोंगर सैल झाला, असे एक बाजू म्हणाली; एवढा पाऊस आणि मुरलेली माती असताना खाचरांना दोष देऊ नका, असे दुसरी. या वादात एक गोष्ट मागे पडली. डिंभे धरणात या खोऱ्यातल्या कितीतरी गावांची सखल जमीन गेली होती. नदीकाठची खाचरे बुडाली की माणूस वर सरकतो. उतारावर शेती का वाढली, हा प्रश्न उतारावर उभे राहून सुटत नाही. त्यासाठी धरणाचा कागद वाचावा लागतो.

दर दरडीमागे माणसाचा हात शोधण्याचा हट्टही बरा नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. ठाकर समाजाची ती वाडी होती, तिथे ना हॉटेल होते, ना मळा, ना पक्का रस्ता. धोकादायक गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. सह्याद्रीचा काळा कातळ आणि वरची कुजलेली माती यांच्यामध्ये पाणी भरले की डोंगर उतरतो, तो पूर्वीही उतरत होता. पण मग यादी तरी कशावरून होते? जिथे पूर्वी कोसळले ते नोंदले जाते, आणि नोंद तिथेच होते जिथून कोणी तरी कागद पाठवतो. वाट नसलेल्या वाडीचा कागद तालुक्याला पोचत नाही.

म्हणून दरडींचा इतिहास हा मला दोन वाचनांचा इतिहास वाटतो. एक उताराचे वाचन: कुठे पाणी मुरते, कुठे जमिनीला भेग पडली, कुठले झाड कलले, कुठला झरा अचानक गढूळ झाला. हे वाचन गुराख्याला, पडकई करणाऱ्याला, मुदुवानाला येते. दुसरे उताऱ्याचे वाचन: जमीन कोणाच्या नावे, कोणत्या सालापासून, कोणत्या कारणासाठी. हे तलाठ्याला, वकिलाला, न्यायालयाला येते. नैनितालचे नाले बांधले गेले तेव्हा ही दोन वाचने थोडा काळ एकत्र आली होती. डोंगराचा कल नियमावलीत शिरला होता. त्यासाठी १५१ माणसे मरावी लागली, आणि त्यांतली योग्य रंगाची असावी लागली.

आज उपग्रहावरून उताराचा प्रत्येक अंश मोजता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मार्च २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, तो आणखी एकदा निघाला. माहितीचा दुष्काळ नाही. ती ज्या कागदावर असायला हवी, त्या कागदावर ती नाही. घर बांधायला परवानगी मागणारा, मळा भाड्याने घेणारा, रस्त्यासाठी डोंगर कापणारा, आणि त्या डोंगराखाली निजणारा, या सगळ्यांच्या हातात जो साधा उतारा पडतो, त्यावर मालकाचे नाव असते, पीक असते, पोटखराबा असतो. वरचे पाणी कोणत्या वाटेने येते याचा एक रकाना त्यात घालायला फार जागा लागणार नाही.